जानेवारीच्या तुकडीतला विद्यार्थी

सोनाली शेवाळेला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या सोसायटीच्या फाटकाशी, दूधवाल्यासमोर. गोठ्यातलं ताजं दूध म्हणून एक माणूस तेव्हा मोटारसायकलला किटल्या अडकवून यायचा आणि आम्ही बायका मोठ्या कौतुकानं पातेली पुढे करायचो. ही आमच्या समोरच्या शेवाळ्यांची नवी सून, हातात अजून हिरवा चुडा. तिनं पातेलं खाली ठेवलं, किटलीचं झाकण उचललं, आतल्या रबराला नाक लावलं आणि म्हणाली, "दादा, दूध चांगलंय. झाकण धूत नाही तुम्ही."

तो म्हणाला, पंधरा वर्षं दूध घालतोय, कुणी नाव ठेवलं नाही.

"मग पंधरा वर्षं धुतलं नसेल," ती म्हणाली आणि रिकामं पातेलं घेऊन जिना चढून गेली.

मी शनिवार पेठेत वाढलेली. अशी बोलणारी माणसं मला लगेच आपली वाटतात. त्याच दुपारी मी विरजण मागायचं निमित्त काढून समोरची बेल वाजवली. तेव्हापासून आजपर्यंत तेरा वर्षं आमचं येणंजाणं आहे. ती मला काकू म्हणते.

तिचं माहेर जवळच्याच मांजरी गावचं. वडील लवकर गेले, आईनं, मालनबाईंनी, चार म्हशी सांभाळून दुधाचे रतीब घातले आणि या एकुलत्या एका मुलीला मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलं. शेवटचा पेपर एप्रिलात, लग्न मेमध्ये, निकाल जूनमध्ये. "फर्स्ट क्लास आला तेव्हा मी वांग्यात मसाला भरत होते," तिनं मला सांगितलं होतं. "मैत्रिणीचा फोन आला. हात बरबटलेले, म्हणून आत्यांनी फोन माझ्या कानाला धरला. मी ओरडले तर म्हणाल्या, काय झालं? म्हटलं, पास झाले. त्या म्हणाल्या, बरं, तेवढी वांगी उरक."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, सोजरबाई. मूळच्या इथल्याच. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या भावकीची होती. वाटण्या होत होत यांच्या हाती आला तो हा एक फ्लॅट. सोजरबाईंना सून शिकलेली असल्याचा अभिमानच होता, पाव्हण्यांना त्या आवर्जून सांगायच्या. फक्त ते शिक्षण त्यांच्या लेखी लग्नात आलेल्या भांड्यांसारखं होतं. घरात आहे हे माहीत असावं, रोज वापरायला काढायचं कारण नाही.

आणि साईनाथ, सोनालीचा नवरा. तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकते. व्यसन नाही, चढा आवाज नाही, सोसायटीत कुणाची मोटर बिघडली तर रविवार सोडून येईल. इथल्याच औद्योगिक वसाहतीत लोणची आणि फळांचे गर भरणाऱ्या एका कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. बारावीनंतर त्यानं शिक्षण सोडलं होतं आणि त्याची त्याला खंतही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी सोनालीचा धाकटा पूर्ण दिवस शाळेत जाऊ लागला आणि तिनं मला विचारलं, "काकू, मांजरीच्या रस्त्याला दूध तपासायची लॅब निघालीय. माझ्याबरोबर याल? एकटी गेले तर दारातनंच परत येईन."

आम्ही गेलो. लॅब छोटीच, पण काचेसारखी लखलखीत. चालवणारी शेफाली मॅडम म्हणून एक मुलगी, सोनालीपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. तिनं चार प्रश्न विचारले. मग दुधाचा एक नमुना आणि निळ्या रंगाची बाटली पुढे ठेवली आणि म्हणाली, करून दाखवा. अकरा वर्षांनी सोनालीनं परीक्षानळी हातात धरली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिचा हात बघत होते. एक थेंब सांडला नाही. दुधात तो निळा रंग किती वेळ टिकतो त्यावरून दूध किती नासायला आलंय ते कळतं, हे ती मला समजावत होती, मॅडमला नाही.

शेफाली मॅडम म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा. पण आमची तपासणी होते, तेव्हा प्रत्येक माणसाची फाइल बघतात. तुमच्या फाइलमध्ये डिग्री आहे आणि नंतर अकरा वर्षं काहीच नाही. माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण तो फाइलला लावता येत नाही. अन्नसुरक्षेचा एखादा अलीकडचा कोर्स करा. ऑनलाइन आहेत, फुकट आहेत, परदेशातल्या विद्यापीठांचे आहेत. सर्टिफिकेट आणा. जागा मी जूनअखेरपर्यंत तुमच्यासाठी ठेवते."

तेव्हा डिसेंबर चालू होता. जूनअखेर म्हणजे आम्हाला एक युग वाटलं.

घरी विचारायचा प्रश्न सोनालीनं फार हुशारीनं सोडवला. नोकरीचं तिनं काढलंच नाही. फक्त कोर्सचं सांगितलं. सोजरबाईंनी तीनच गोष्टी विचारल्या. बाहेर जावं लागंल का, पैसं पडतील का, आणि सैपाकाचं काय. तिन्हीची उत्तरं बरोबर आली. "मंग कर की," त्या म्हणाल्या. "बाकीच्या शिरेली बघत्यात, तू हे बघ."

मला तेव्हा त्या माणसांबद्दल खरंच आदर वाटला होता, ज्यांनी हे कोर्स जगासाठी उघडे ठेवले. कुठल्या कुठल्या देशातलं विद्यापीठ, आणि त्याचा प्रोफेसर हडपसरच्या दुसऱ्या मजल्यावर, सोजरबाई झोपल्यावर, दुपारी दोन ते चार, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवर टेकवलेल्या फोनमधून शिकवतोय. फी नाही, हजेरी नाही, नवऱ्याची सही नाही. आमच्या वेळी असं असतं तर, असंही मनात येऊन गेलं.

आता एक बारीकशी गोष्ट. सोनालीला स्वतःचा फोन होता, पण तो साईनाथनं आणून, त्याच्याच ईमेलवर चालू करून दिलेला. घरात ईमेल एकच. शाळेचे निरोप, गॅसची पावती, विम्याचे कागद, सगळं त्याच्यावर. कोर्सला नाव घालताना तिनं समोर दिसलेलं पहिलं बटण दाबलं आणि फोननं आपसूक तोच ईमेल देऊन टाकला. आत गेल्यावर वर अक्षरं आली, 'स्वागत, साईनाथ'.

ती हसत मला दाखवायला आली. मी म्हटलं, अगं, ते बदलून घे.

"राहू द्या हो काकू. लाइट बिल त्यांच्या नावावर आहे म्हणून दिवा काय त्यांनाच दिसतो का? हे खातं आहे. सर्टिफिकेट द्यायच्या वेळी नाव विचारतीलच की."

मलाही ते पटलं. मीसुद्धा तीस वर्षं अशाच घरात राहते. पाटीवर, पासबुकावर, गॅसच्या पुस्तकावर आमच्या ह्यांचं नाव, आणि काम कोण करतं ते सगळ्यांना ठाऊक. नाव म्हणजे पत्ता, माणूस वेगळा, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही चुकतंय असं दोघींनाही वाटलं नाही.

जानेवारी ते मार्च ती शिकली. बारा आठवडे. खाली मराठी अक्षरं उमटायची ती मशीननं केलेली, इंग्रजीपेक्षा अवघड. ती अक्षरं बंद करून सोनाली डिक्शनरी घेऊन बसायची. दर आठवड्याला चाचणी. शेवटी एक मोठा लेख लिहायचा होता. तुमच्या माहितीतल्या एका ठिकाणी अन्न कुठून कुठे जातं ते बघा आणि त्यात धोका कुठे आहे ते शोधा.

तिनं आईच्या गोठ्यावर लिहिलं. किटल्या, झाकणं, हात, सगळं आई घासूनपुसून घ्यायची. मग रतीबाचं दूध कधीकधी दुपारीच का फाटायचं? सोनालीनं ते गाळायच्या फडक्यात शोधलं. आई फडकं नुसतं खळबळून गोठ्यातल्या दोरीवर वाळत घालायची, संध्याकाळी तेच ओलसर फडकं पुन्हा किटलीच्या तोंडाला. वीस वर्षं स्वच्छ हातांनी ती त्या एका फडक्यातून दूध नासवत होती आणि गिऱ्हाइकांचे बोल ऐकत होती. ते वाचून दाखवून झाल्यावर सोनालीनं विचारलं, "आईला आता सांगू का नको, काकू?" मी म्हटलं, नको.

त्या कोर्समध्ये शिक्षक पेपर तपासत नाहीत. साठ-सत्तर हजार विद्यार्थी, आणि फी शून्य; तपासणार कोण? विद्यार्थीच एकमेकांचे तपासतात. फिलिपिन्समधल्या एका बाईनं पूर्ण गुण देऊन खाली लिहिलं होतं, 'साईनाथसाहेब, तुमच्यासारखा मुलगा असणं हे तुमच्या आईचं भाग्य. त्यांना माझा नमस्कार सांगा.' आम्ही खूप हसलो त्या दिवशी. त्यानंतर हसायचं कारण मिळालं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोनाली पेढ्यांचा पुडा घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"पेढे घ्या काकू. ह्यांना क्वालिटी सुपरवायझर केलं."

मी म्हटलं, अरे वा, आणि तुझं सर्टिफिकेट?

"तेच. तेच दाखवून केलं."

झालं होतं असं. शेवटची चाचणी पार पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेल आला की सर्टिफिकेटवर जाणारं नाव तपासा, बरोबर असेल तर मान्य करा, नंतर बदल होणार नाही. ईमेल दोन्ही फोनवर आला. ती धाकट्याच्या शाळेत पालकसभेला होती. साईनाथ कंपनीत होता. त्यानं वाचला आणि मान्य केला. सर्टिफिकेट आलं, ते त्यानं साहेबाला सहज दाखवलं. कंपनीला नेमकी त्याच वेळी परदेशी मालाच्या तपासणीसाठी असा कोर्स केलेला माणूस हवा होता. साहेब म्हणाला, अरे, तू बोलला नाहीस कधी.

"मी विचारलं त्यांना," सोनाली म्हणाली. "नाव माझं घालायला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, त्यांनी विचारलं होतं नाव बरोबर आहे का. साईनाथ दत्तोबा शेवाळे लिहिलं होतं. बरोबरच होतं."

मी पेढा हातात घेऊन बसले. तो खाता येईना आणि परत ठेवता येईना.

आम्ही त्या कोर्सच्या पोर्टलला लिहिलं. ताबडतोब उत्तर आलं की तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि खाली नेहमीच्या प्रश्नांची यादी. यादीत आमचा प्रश्न होता, उत्तरही होतं. मान्य केलेलं नाव बदलत नाही.

एप्रिलपासून समोरच्या घरात नवाच प्रकार सुरू झाला. सकाळी दहा-साडेदहाला सोनालीचा फोन वाजायचा. मी तिथे असले तर मला ऐकू यायचं. साईनाथ हळू आवाजात विचारायचा, ही पोळी लाटता लाटता सांगायची. लोणच्याचा पीएच किती हवा, बरण्या किती तापवायच्या, तपासनीसानं हा शब्द वापरला त्याचा अर्थ काय. ती सांगायचीही नीट, समजावून, त्याला दोनदा विचारायला लागू नये असं. मी एकदा म्हटलं, तू कशाला सांगतेस? चुकू दे की एकदा.

"लोक खातात ते लोणचं, काकू," ती म्हणाली.

मग मीच तिला म्हटलं, पुन्हा कर कोर्स. एप्रिलची तुकडी सुरू होते आहे. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या जेवणाच्या टेबलावर बस. तिचा पहिला ईमेल आम्ही उघडला. सोनाली साईनाथ शेवाळे. नवऱ्याचं नाव मध्ये घालायचं का यावर आम्ही पाच मिनिटं घालवली. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं, आधारवर नवऱ्याचं. लॅबमध्ये आधार लागणार, म्हणून घातलं.

दुसऱ्यांदा शिकणं तिला जड गेलं नाही, पण पहिल्यांदा जी मजा होती ती गेली. ती व्हिडिओ लावायची आणि प्रोफेसरच्या आधी वाक्य पुरं करायची. मेच्या अखेरीस पुन्हा तोच लेख आला. म्हणाली, या वेळी मी दुसरं काहीतरी लिहिते. सासरी पापड-कुरडया वाळत घालतात त्यावर लिहीन. मुलांना सुट्टी, घरी नणंद आलेली, सोजरबाईंचे गुडघे धरलेले. तिला दिवसाला अर्धा तास मिळत नव्हता.

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते मी आजही स्वतःला ऐकवते. मी म्हटलं, "नवं कशाला? फडक्याचंच घाल की. तुझंच आहे. आपल्याच घरात कोणी चोरी करतं का?"

तिनं तोच लेख घातला. चार वाक्यं सुधारली.

बारा जूनला पत्र आलं. तुमचा मजकूर जानेवारीच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याच्या मजकुराशी चौऱ्याण्णव टक्के जुळतो. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सादर करणं हा आमच्या नियमांचा भंग आहे. तुमचं सर्टिफिकेट रोखण्यात येत आहे. वाक्यं सभ्य होती. आमच्या शाळेत कॉपी पकडली की बाई पट्टी मारायच्या, ते यापेक्षा बरं होतं, निदान बाईंना सांगता यायचं.

खाली दोन वाटा दिल्या होत्या. मजकूर मुळात तुमचाच असेल तर आधीच्या विद्यार्थ्यानं त्याच्या ईमेलवरून तसं लिहून द्यावं. त्याचं सर्टिफिकेट रद्द होईल आणि तुम्हाला तुमचं मिळेल. किंवा तुम्ही चूक कबूल करा. सहा महिन्यांनी पुन्हा प्रवेश मिळेल. तीस जूनपर्यंत काहीच केलं नाही तर खातं कायमचं बंद.

आम्ही सतरा दिवस त्या पोर्टलवर कोणी माणूस आहे का ते शोधत होतो. फोन नंबर नव्हता. चौकटीत प्रश्न टाकला की उत्तर यायचं, तेच. मी एकदा चिडून मराठीत टाकलं की आत कुणी आहे का, तर तेही महत्त्वाचं ठरलं. जगातल्या कुणालाही आत येऊ देणारी ती जागा, आणि तिथं बसायला एक माणूस नेमलेला नव्हता. मला शिव्या द्यायच्याही कुणाला ते कळेना. पैसे घेतले असते तर भांडता तरी आलं असतं.

सोनालीनं साईनाथला विचारलं, ते माझ्या समोर. तो तिला जेवायला बोलवायला आमच्याकडे आला होता आणि तिनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. त्यानं पत्र सावकाश वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, हे लिहून दिलं तर मला ठेवतील का कंपनीत? तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, स्टोअरला परत घालतील.

"काढतील. खोटा कागद दिला म्हणून काढतील. माझ्या वयाला दुसरीकडे कोण घेणार?" मग सोनालीला, अगदी समजुतीनं, "अगं, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे ना. परत कर. तुला तर आता पाठच झालंय. आणि फुकटच आहे."

"तुम्ही करता?" ती म्हणाली.

"काय?"

"कोर्स. फुकटच आहे. घरात बसून करता येतो. करा बारा आठवडे."

तो दाराकडे वळला. चप्पल घालताना एवढंच म्हणाला की आमटी गार होतेय.

एव्हाना नोकरीची गोष्ट घरात फुटली होती. सोजरबाई जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. बाईनं नोकरीला जायासाठी नवऱ्याची नोकरी घालवायची, असं कुठं हाय का तुमच्या पुस्तकात?" मी सांगायला गेले की ती नोकरी मुळात तिच्या अभ्यासावर मिळाली. "मंग घरातच हाय की," त्या म्हणाल्या. "कुठं भाईर गेली का?"

मी शेफाली मॅडमकडेही एकटीच जाऊन आले. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले, खोटं सांगत नाही. म्हणाली, "मावशी, दोन तारखेला माझी तपासणी आहे. खुर्चीवर कागदासकट माणूस दाखवावाच लागेल. तीस तारखेपर्यंत मी थांबते. त्यापुढे नाही थांबता येणार."

एकोणतीस जूनला दुपारी तीनच्या सुमारास सोनाली माझ्या टेबलाशी बसली. समोर लॅपटॉप, शेजारी तिचा फोन. फोनवर साईनाथचा ईमेल उघडा होता. तो तर तिच्या फोनमध्ये पहिल्यापासून होताच. मी हे सतरा दिवस मनात दाबून ठेवलं होतं, ते बोलले.

"सोनाली, त्याचा ईमेल तुझ्या हातात आहे. दोन ओळी लिही आणि पाठव. जे खरं आहे तेच लिहायचंय."

तिनं फोन उचलला. अंगठा काचेवर ठेवला. मला वाटलं, पाठवते.

"काकू," ती म्हणाली, "मी पाठवलं तर ते त्यांच्या नावानं माझंच लिहिणं होईल. तेच तर चाललंय जानेवारीपासून." मग म्हणाली, "आणि नोकरी गेल्यावर ते घरात बसणार. आत्या रोज मला ऐकवणार. मुलं बघणार. त्या घरातनं मी सकाळी डबा भरून लॅबला कशी निघू? निघाले तरी नमुना बघताना माझं लक्ष कुठे असेल?"

"मग खातं बंद होऊ दे. गेलं खड्ड्यात. जे केलंच नाहीस ते कबूल करू नकोस."

"बंद झालं तर पुन्हा कधीच नाही. हे केलं तर निदान डिसेंबर आहे."

तिनं फोन पालथा ठेवला आणि लॅपटॉप पुढे ओढला. कबुलीजबाबाची चौकट होती. तुम्ही काय केलं, का केलं, त्यातून काय शिकलात ते तुमच्या शब्दांत लिहा, किमान शंभर शब्द. मला वाटलं होतं ती कसंबसं उरकेल. तिनं अर्धा तास लिहिलं. एकदा डिक्शनरी मागितली. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

मी नंतर वाचलं. तिनं लिहिलं होतं की माझे पती साईनाथ शेवाळे यांनी जानेवारीच्या तुकडीत त्यांच्या आईच्या गोठ्यावर लेख लिहिला. तो मी त्यांच्या नकळत उचलला. त्यांच्या निरीक्षणाची बरोबरी मला करता आली नसती. घरातल्या माणसाचं काम आपलंच असतं असं मी समजत होते, ते चुकीचं आहे हे मला आता कळलं. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालणं ही चोरीच आहे, मग तो दुसरा कितीही जवळचा असो.

जानेवारीत एक शब्द अडला की माझ्याकडे धावणारी मुलगी. तिच्या इंग्रजीत आता एक चूक नव्हती.

सगळ्यात खाली एक छोटा चौकोन होता. वरील मजकूर माझा स्वतःचा असून तो मी कुठूनही घेतलेला नाही, असं त्याच्यापुढे लिहिलेलं. त्यावर खूण केल्याशिवाय पुढचं बटण लागत नव्हतं.

तिनं खूण केली.

उत्तर दोन मिनिटांत आलं, आणि या वेळी ते यादीतलं नव्हतं. प्रिय सोनाली शेवाळे, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही आभारी आहोत. चूक मान्य करायला धैर्य लागतं. आपलं पुन्हा स्वागत करायला आम्हाला आनंद होईल. खाली तारीख, संदर्भ क्रमांक आणि विद्यापीठाची निळी मोहर.

तिनं ते दोनदा वाचलं. मग मान वर न करता म्हणाली, "काकू, शेफाली मॅडमना हा कागद चालेल का हो? शिक्का आहे, तारीख आहे. नाव पण माझंच आहे."

ती थट्टा करत नव्हती. खरंच विचारत होती.